नळदुर्ग हात लावून बघावा

मैत्रिणींनो, लोहाऱ्याहून तुळजापूरला जाताना जळकोट सोडलं की नळदुर्ग येतं. आपण गाडीतूनच किल्ला बघतो आणि पुढं निघतो. ‘पडके दगड काय बघायचे?’ असं घरातली पुरुष मंडळी म्हणतात. यंदा मात्र परतीच्या वाटेवर दोन-तीन तास काढाच.

बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण पहिला मान पाणीमहालाचा. बोरी नदी अडवून किल्ला आणि पलीकडचं रणमंडळ जोडणारा बंधारा बांधला, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच हा महाल काढला. साल 1613, विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा गादीवर होता, आणि बांधणारा मीर इमादीन. (आमच्या वर्गातली मुलं दिसेल ती जुनी कमान मोगलांची म्हणून मोकळी होतात. त्यांना हे नाव मुद्दाम पाठ करायला लावलंय!) पावसाळ्यात नदीला भरपूर पाणी आलं की नर आणि मादी असे दोन धबधबे बंधाऱ्यावरून कोसळतात. आत उभं राहिलं तर समोर पाण्याचा पडदा, आणि अंगावरचं लुगडं कोरडं!

आपल्या भागातल्या बायकांनी हे बांधकाम बघावं, त्याला आणखी एक कारण आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेनंतर दगडी घराची धास्ती आपल्या मनातून गेलेली नाही. सास्तूर आपल्याच तालुक्यातलं. आमच्या शेजारच्या काकू अजून दगडी भिंतीला टेकून बसत नाहीत. त्यांना मी मुद्दाम बरोबर नेलं. महालात त्या बराच वेळ भिंतीवरून हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, “अगं, ह्यात माती कुठं दिसंना.”

नेमकं तेच! हे घडीव दगड चुन्यात बसवलेले आहेत. आपल्या जुन्या घरांच्या भिंती हात-दोन हात रुंद, पण गोटे नुसत्या मातीत रचलेले. भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या अंगांना जोडून धरणारा आरपार दगड बहुधा नसायचाच. वर माळवदाच्या मातीचं ओझं, दरसाल गळतं म्हणून आणखी माती. जमीन हलली तेव्हा भिंती मधोमध फाटल्या आणि माळवद खाली आलं. दोष दगडाचा नव्हता. घरात जुनी दगडी खोली अजून वापरात असेल, तर तिच्या भिंती जाणत्या माणसाला दाखवून घ्या. आरपार सांधे नंतरही घालता येतात.

बाकी किल्ला सवडीनं बघा. उपळ्या बुरुजावर जुन्या तोफा आहेत, पण चढण उभी आहे. गुडघे दुखत असतील तर खालीच सावलीत बसा. 1853 नंतर मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी इथं राहून जिल्ह्याचा कारभार बघायचा. पुढं त्यानं चांदबिबीवर कादंबरी लिहिली. हैदराबादवरच्या पोलीस कारवाईत 13 सप्टेंबर 1948 ला, पहिल्याच दिवशी, भारतीय फौजेनं नळदुर्ग घेतलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कुणाला तरी ऐकलेलं आठवत असेल.

धबधबे वरचं धरण भरून पाणी सुटलं तरच असतात, तेव्हा निघण्यापूर्वी नळदुर्गात कुणाकडून तरी चौकशी करा. उतरायचा जिना अंधारा, पावसात निसरडा. पायात पट्ट्याची चप्पल आणि हातात बॅटरी हवी. भाकरी, शेंगाचटणी आणि पाणी घरूनच न्या.