जीएल-५ म्हणजे जीएल-४चा मोठा भाऊ नव्हे!

मोऱ्याला राहणाऱ्यांना भाऊच्या धक्क्याची लाँच ठाऊक असते, आणि ओहोटी लागली की गाळामुळे ती अडते, हेही. पनवेलला कॉलेजला जायचं तर मग घरातली जुनी गाडीच. आमची हॅचबॅक बाबांनी वापरून माझ्याकडे आली. गेल्या हिवाळ्यात सकाळी दुसरा गिअर टाकताना ती ‘कर्र’ करायला लागली. ‘क्लच नीट दाब,’ असा घरातल्या सगळ्यांचा एकच सल्ला. (गाडी मुलगी चालवत असली की बिघाड आधी तिच्या पायात शोधतात. असो.)

त्याआधीच एका गॅरेजमध्ये गिअर ऑइल बदललं होतं. ‘जीएल-५ टाकलंय ताई, फोरपेक्षा भारी,’ असं ऐकून मीही खूश. फोनचं पुढचं मॉडेल म्हणजे चांगलं, तसंच हे! मॅन्युअल उघडलं तेव्हा कळलं, तिथे स्पष्ट जीएल-४ लिहिलंय.

गंमत बघा. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझर नावाच्या रिंगा असतात, बऱ्याच गाड्यांत पितळेच्या. गिअर बदलताना ही रिंग गिअरच्या शंकूवर घासते, दोघांचा वेग जुळवते आणि मगच दाते अडकतात. म्हणजे तेलाने नुसतं घसरवून चालत नाही, तिथे थोडी पकडही लागते. जीएल-५मध्ये प्रचंड दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं जवळपास दुप्पट असतात. त्याने रिंगेची पकड सुटू शकते, आणि काही तेलांत पितळही हळूहळू खाल्लं जातं. ती रसायनं मुळात ट्रक-ट्रेलरच्या मागच्या क्राऊनसाठी, जिथे दाते एकमेकांवर जोरात घसरतात. पुढची चाकं ओढणाऱ्या आपल्या छोट्या गाडीत तसा क्राऊनच नसतो.

म्हणूनच मी मेकॅनिकला शिव्या घालणार नाही. जासई, गव्हाण फाटा, जेएनपीटीचा रस्ता. इथल्या गॅरेजांचं पोट कंटेनरच्या ट्रेलरवर. ‘नव्वद नंबर’ ऑइलचा बॅरल उघडाच असतो, तुमची गाडी आली की त्यातलंच दोन-अडीच लिटर. चूक आपली. फोनचा प्रोसेसर आपल्याला तोंडपाठ, आणि गाडीत काय ओततात ते विचारायचीही लाज वाटते.

आकड्यांचंही तसंच. ७५डब्ल्यूची चाचणी उणे ४० अंशांना होते, ८०डब्ल्यूची उणे २६ला. मोऱ्याला थंडीत स्वेटरही कपाटातून निघत नाही, मग फरक काय, असं तुम्ही म्हणाल. पण २० अंशांनाही ७५डब्ल्यू-८० हे ८०डब्ल्यू-९०पेक्षा पातळच असतं. जाड तेलात पहाटेचा पहिला गिअर जड जातो, तो त्यामुळे. ‘आपल्याकडे गरमी आहे, जाडच टाका’ हे मला पटत नाही. गाडी बनवणाऱ्यांनी भारतातला उन्हाळा धरूनच आकडा दिलेला असतो. आणि हो, उलटही खरं: काही गाड्यांना कंपनीच जीएल-५ सांगते, काहींना स्वतःचं वेगळंच तेल. तिथे माझा लेख वाचून जीएल-४ टाकू नका!

एक काम मात्र नक्की करा. तेल बदलताना समोर उभे राहा. खालचा ड्रेन बोल्ट खोलण्याआधी वरचा भरायचा बोल्ट सुटतोय का, ते बघायला सांगा. तो गंजून बसला असेल तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन तिथेच अडकाल. निघालेलं तेल दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. जुलैत साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर हे हमखास तपासा. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात थंड होताना ब्रीदरमधून पाणी आत ओढतो.

आमचं मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात लग्नपत्रिका आणि टोलच्या पावत्यांखाली सापडलं. आता गाडीत जीएल-४ आहे. आवाज बराच कमी झालाय, पण रोज सकाळी पहिल्यांदा दुसरा गिअर टाकताना तो अजून थोडा कुरकुरतोच.