राक्षसाचें मरण

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमचा भाचा अणदुरास आला, तो पिशवींतून तीनचार पुस्तकें घेऊनच. पुस्तकें चित्रांचीं, मूळ जपानी, इंग्रजींत उतरविलेलीं आणि उजवीकडून डावीकडे वाचावयाचीं. 'किमेत्सु नो याइबा' हें त्या कथेचें मूळ नांव. मुलांच्या तोंडीं मात्र 'डीमन स्लेयर' हें इंग्रजी नांवच रुळलें आहे. घरांतील वडील मंडळींनीं एक पुस्तक उघडलें, तों तुटलेलें मुंडकें दिसलें. दुसरें उघडलें, तेथेंही तोच प्रकार. पुस्तकें कपाटांत गेलीं आणि किल्ली कनवटीस लागली. "मामा, तुम्ही एक तरी वाचून पाहा, मग काय तें ठरवा," एवढेंच मुलगा म्हणाला. त्याची विनंति न्यायाची होती. आम्हीं एक वाचलें, मग उरलेले भाग मिळवून तेवीसही वाचले. आणि आतां आमचा वाद किल्ली ठेवणाऱ्यांशींही आहे व त्या मुलाशींही आहे.

कोयोहारू गोतोगे या टोपणनांवाच्या कलावंताची ही कृति 'शोनेन जंप' या साप्ताहिकांत २०१६ च्या फेब्रुवारींत सुरू झाली व २०२० च्या मे महिन्यांत २०५ व्या प्रकरणास संपली. कथेचा काळ तैशो राजवटीचा, म्हणजे १९१२ ते १९२६ या वर्षांतला. कोळसे विकून घर चालविणारा तांजिरो एके सकाळीं घरीं परततो, तों आई आणि भावंडें मारलेलीं. नेझुको ही बहीण तेवढी जिवंत, पण राक्षसाच्या रक्तानें तीही राक्षसी झालेली. तिला पुन्हां माणूस करावयाचें आणि सर्व राक्षसांचें मूळ जो मुझान त्याचा निःपात करावयाचा, हें कथेचें सूत्र. २०२० सालीं हिच्या एका भागावरील चित्रपटानें जपानांतील उत्पन्नाचे पूर्वीचे सारे उच्चांक मोडिले. २०२५ च्या सप्टेंबरांत तिचा पुढचा चित्रपट आपल्या देशांत हिंदी, तमिळ व तेलुगू भाषांतूनही दाखविला गेला. अशी कथा एका कपाटाच्या कुलुपानें घराबाहेर राहील असें मानणें हा भोळेपणा आहे.

आक्षेपकांचें म्हणणें असें कीं, रक्तपात आणि राक्षस यांनीं कोवळीं मनें बिघडतात, व असली करमणूक आपल्या संस्काराची नव्हे. हें ऐकून आम्हांस हंसूं आलें. कारण हें बोलणारी मंडळी चंपाषष्ठीला मुलांना हातीं धरून ज्या देवळांत नेतात, तेथें कोण उभा आहे? अणदूरचा खंडोबा, मार्तंडभैरव, मणि आणि मल्ल या दैत्यांचा काळ! 'मल्हारी' या नांवाचा अर्थच मल्लाचा वैरी असा आहे. देव्हाऱ्यांतील टाकावर खड्ग उगारलेला घोडेस्वार आपण रोज पुजतों, आणि खड्ग उगारलेल्या कोळसेवाल्याच्या पोराचें चित्र दिसतांच डोळे झांकतों. मुलास हा न्याय कसा पटावा?

खरा प्रश्न कथेंत राक्षस मरतो कीं नाहीं हा नव्हेच. तो कसा मरतो आणि मेल्यावर त्याला कोणती जागा मिळते, हा आहे. मल्हारिमाहात्म्याची कथा आठवून पाहा. मणि मरतांना क्षमा मागतो, आपला पांढरा घोडा देवाला अर्पण करतो आणि देवाजवळ राहावयास मागतो. तें त्याला मिळतें. मल्लाचें मस्तक देवाच्या पायरीशीं आहे असें लोक सांगतात. परंतु त्याचेंही नांव देवाच्या नांवांतून कोणी काढून टाकलें नाहीं. शत्रूला मारून झाल्यावर त्याचें काय करावें, याचा विचार आमच्या पूर्वजांनीं केला होता.

जपानी कथेचें खरें बळ याच ठिकाणीं आहे. पहिल्याच परीक्षेंत तांजिरो एका अक्राळविक्राळ राक्षसाचें मुंडकें उडवितो. त्या राक्षसानें त्याच्या गुरूचे कित्येक शिष्य खाल्लेले. तरी तो विरून जातांना तांजिरो त्याचा हात हातांत धरतो व त्याच्यासाठीं प्रार्थना करतो. पुढें डोंगरावरील एक राक्षसीण जाच सहन न होऊन आपण होऊन मान पुढें करते. तें पाहून तो चालता वार बदलतो आणि तिला वेदना होणार नाहीं असा घाव घालतो. रुई नांवाचा राक्षस मेल्यावर तर गियू हा श्रेष्ठ योद्धा त्याच्या रिकाम्या वस्त्रांवर पाय देतो, आणि तांजिरो त्याला पाय काढावयास सांगतो. ज्यांचे जीव गेले त्यांच्यासाठीं मी राक्षसाची मान खुशाल कापीन, पण तोही पूर्वीं माणूस होता व दुःखी होता हें विसरून त्याला तुडविणार नाहीं, असा त्याच्या बोलण्याचा आशय. हें वाचतांना देवळाची पायरी आमच्या डोळ्यांपुढें आली.

यावर कोणी म्हणेल, दुष्टांविषयीं कणव शिकविणें म्हणजे दुष्टपणा पोसणेंच. तसें नव्हे. तांजिरो एकाही नरभक्षक राक्षसाला कींव येऊन मोकळा सोडीत नाहीं. शिक्षा आणि तिरस्कार या दोन वस्तु वेगळ्या आहेत, हें आमच्या मोठमोठ्या वक्त्यांना उमगत नाहीं, तें ही चित्रकथा बारा-तेरा वर्षांच्या मुलाला दाखविते.

आतां भाच्याशीं भांडण. त्याच्या मतें ही कथा निर्दोष आहे. आमच्या मतें तिचे तीन दोष मोठे आहेत.

पहिला असा कीं, जी कणव आरंभीं हृदयांतून येते, ती पुढें पुढें सांच्यांतून येऊं लागते. मान तुटली कीं राक्षसाचें बालपण उघडावें, वाचकाचे डोळे ओले करावे आणि पुढच्या राक्षसाकडे वळावें, असा क्रम ठरून जातो. डोंगरावरच्या राक्षसिणीच्या वेळीं दयेनें तरवारीचा घाव बदलला होता. नंतरची बहुतेक दया तरवारीचें काम आटोपल्यावर येते. मुळांत ज्या दयेनें नायकाचें कांहींच अडत नाहीं, ती स्वस्त असते.

दुसरा दोष नेझुकोचा. जिच्यासाठीं सारी कथा, तिच्या तोंडांत पहिल्या भागापासून बांबूचा तुकडा बांधलेला! ती माणसाला चावूं नये म्हणून ही योजना, हें खरें. पण तिला बोलूंही दिलें जात नाहीं, आणि बोलूं लागल्यावर शेवटच्या संग्रामांतून तिला बहुतेक वेळ दूरच ठेविलें जातें. राक्षस होऊनही माणसाचें रक्त न चाखणाऱ्या मुलीच्या मनांत काय चाललें असेल? या कथेंतला सर्वांत मोलाचा प्रश्न तोच होता, आणि तोच लेखकानें टाळला.

तिसरा दोष प्रमाणाचा. २०५ प्रकरणांपैकीं सुमारें एक तृतीयांश प्रकरणें एकाच रात्रीच्या युद्धांत खर्चीं पडलीं आहेत. प्रत्येक वार होतांना वार करणारा आपल्या मनाशीं त्याचें व्याख्यान देतो, आणि जें चित्र एका रेषेंत सांगून गेलें तें शब्द पुन्हां सांगत बसतात. शेवटच्या प्रकरणांत तर आजच्या काळांतले वंशज आणि पुनर्जन्म दाखवून इतक्या मरणांवर फुंकर घातली आहे. पुनर्जन्म आपणांस परका नाहीं. परंतु गेलेल्या माणसाची जागा इतक्या लवकर भरली, तर त्याच्या त्यागाला किंमत काय उरली?

इतकें असूनही आमचा निर्णय पुस्तकांच्या बाजूचा आहे. अगदीं लहान मुलांच्या हातीं तीं देऊं नयेत, हें आम्हांस मान्य आहे. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलापासून तीं लपवूं नयेत. आपल्या गांवाचीच रीत पाहा. देव एक, गांवें दोन. लेखी करार करून मूर्ति सव्वादहा महिने अणदुरांत आणि पावणेदोन महिने नळदुर्गाशेजारच्या मैलारपुरांत राहते. देव वांटून घेतल्यानें कोणाचाच देव उणा झाला नाहीं. अशा गांवानें परक्या देशच्या एका गोष्टीला दार लावून घ्यावें, हें शोभत नाहीं. ज्यांना आपल्या कथेचा अभिमान आहे, त्यांनीं मणि-मल्लांची गोष्ट आजच्या मुलांसाठीं तितक्याच ताकदीच्या चित्रांत उतरवावी. कुलूप लावून अभिमान सिद्ध होत नाहीं.

किल्ली आम्हीं मागून घेतली आणि पुस्तकें मुलास परत दिलीं. अट एवढीच घातली कीं, वाचून झाल्यावर त्यानें आमच्याशीं वाद घालावा. पहिल्या दोषाविषयीं तो अद्याप ऐकत नाहीं. नेझुकोविषयीं मात्र दोन दिवस गप्प राहून तो म्हणाला, "मामा, तिला बोलूं द्यायला हवें होतें."