जुनी भयकथा मोडीत निघालेली नाही

अभिजात भयकथांवर आज तीन आक्षेप घेतले जातात. त्या वाचून आता भीती वाटत नाही, त्यांतलं सगळं सिनेमांतून आधीच कळलेलं असतं, आणि त्यांच्या काळाचे पूर्वग्रह त्यांत ठासून भरलेले असतात. हे आक्षेप घेणारे विचार करून बोलतात, म्हणून त्यांना उत्तरही नीट द्यायला हवं.

दचकणं म्हणजेच भीती, हे पहिल्या आक्षेपाचं गृहीतक. दचकवण्यात सिनेमा पुस्तकाच्या कितीतरी पुढे गेला आहे, हे मान्य. पण डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची १९०२ सालची ‘द मंकीज पॉ’ वाचा. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेला एक सार्जंट-मेजर माकडाचा वाळका पंजा मित्राच्या घरी आणतो. एका फकिराने मंतरलेला हा पंजा तीन इच्छा पुऱ्या करतो. घरधनी दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी त्याचा मुलगा कारखान्याच्या यंत्रात सापडून मरतो आणि कंपनी जबाबदारी नाकारून सानुग्रह रक्कम देऊ करते. ती नेमकी दोनशे पौंड असते. पुढे आईच्या हट्टापायी मुलाला परत मागितलं जातं, रात्री दार वाजू लागतं आणि बाप तिसरी इच्छा वापरून ते थांबवतो. दाराबाहेर काय होतं ते जेकब्ज दाखवत नाही. आई कडी काढायला धडपडत असते आणि ती निघू नये असं आपल्याला वाटत असतं. एका आईला तिचा मुलगा मिळू नये, अशी इच्छा आपण मनात धरतो! ही भीती शंभर वर्षांत शिळी झालेली नाही.

दुसरा आक्षेप तर पुस्तक उघडताच गळून पडतो. १९३१च्या चित्रपटात बोरिस कार्लॉफने रंगवलेला फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस फक्त गुरगुरतो. मेरी शेलीच्या १८१८च्या कादंबरीत तो अस्खलित बोलतो. एका कुटुंबाच्या झोपडीलगत लपून तो भाषा शिकतो, मिल्टन वाचतो. त्या घरातला आंधळा म्हातारा त्याच्याशी मायेने बोलतो. डोळस मुलगा मात्र त्याला पाहताच काठीने झोडपतो. स्टोकरच्या १८९७च्या ‘ड्रॅक्युला’तला काउंटही भरदिवसा लंडनमध्ये हिंडतो. सूर्यप्रकाशाने पिशाच भस्म होतं, ही कल्पना नंतर सिनेमाने रुजवली. पुस्तकात काय आहे हे सिनेमा पाहून कळलं, असं म्हणणाऱ्याने पुस्तक वाचलेलंच नसतं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. भयकथाकार लव्हक्राफ्टच्या लेखनातला वंशद्वेष उघड आहे आणि त्याचं समर्थन करू नये. ‘ड्रॅक्युला’तही पूर्वेकडून येणाऱ्या परक्याचं भय आहेच. पण याच परंपरेत शार्लट पर्किन्स गिलमनची १८९२ची ‘द यलो वॉलपेपर’ आहे. डॉक्टर नवरा बायकोला विश्रांतीच्या नावाखाली खोलीत ठेवतो, लिहायला मनाई करतो आणि तिला भिंतीवरच्या पिवळ्या कागदामागे कोंडलेली बाई दिसू लागते. विश्रांतीचा हा ‘उपचार’ गिलमनने स्वतः सोसला होता. आपल्या काळाच्या सत्तेवर इतका थेट घाव घालणारी कथा ज्या परंपरेत आहे, ती अख्खी परंपरा पूर्वग्रहाच्या आरोपाखाली फेकून कशी द्यायची? डोळे उघडे ठेवून वाचणाऱ्याला पूर्वग्रह दिसतात आणि त्यांच्याशी झुंजणारे लेखकही दिसतात.

आता मंडन. भीती माणसाच्या कोणत्या वागण्यातून जन्मते, हे जुनी भयकथा दाखवते. जिनिव्हाजवळ १८१६च्या उन्हाळ्यात ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहायला घेतली तेव्हा मेरी अठरा वर्षांची होती. आदल्याच वर्षी तिची पहिली मुलगी जन्मानंतर थोड्याच दिवसांत दगावली होती. तिच्या कादंबरीत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन जीव घडवतो आणि त्या जीवाने डोळे उघडताच घाबरून पळ काढतो. पुढचे सगळे खून त्या पळून जाण्यातून उगवतात. जन्माला घातलेल्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न घराघरांत आणि प्रयोगशाळांत आजही तितकाच खरा आहे.

मराठी वाचकाचं तर या परंपरेशी घरचं नातं आहे. नारायण धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे आणि किंगची ती कादंबरी ‘ड्रॅक्युला’च्या प्रेरणेतून आली. धारप आवडीने वाचणाऱ्याने स्टोकर जुनाट ठरवणं म्हणजे नातवाचं कौतुक करून आजोबांना घराबाहेर काढणं आहे.

तेव्हा जेकब्जपासून सुरुवात करा, कथा एका बैठकीत संपेल. मग गिलमन, आणि शेवटी सवड काढून शेली. पुस्तक मिटल्यावर भुतांची भीती कदाचित वाटणार नाही. आपण कोणाला टाकून दिलं, कोणाला कोंडून ठेवलं, कशाची हाव धरली, याची भीती मात्र वाटेल, आणि ती वाटायलाच हवी.