२५ कीं ५२ ?

परवां कणकवलींत आमच्या शेजारच्या मुलीनें आपली गणिताची प्रश्नपत्रिका आमच्यापुढें टाकली. ‘५ चा वर्ग’ या अर्थीं पांचाच्या डोक्यावर बसावयाचा दोनाचा अंक घसरून शेजारीं आला होता; कागदावर ५२ उमटले होते. पोरीनें ५२ धरून बिनचूक आकडेमोड केली, आणि तिचें उत्तर चुकीचें ठरलें! विचारणा करतां खुलासा मिळाला कीं, संगणकावर मराठींत समीकरणें नीट जुळत नाहींत. म्हणूनच गणित इंग्रजींत शिकावें.

या ‘म्हणून’वर आमचा आक्षेप आहे. मजकूर एका ठिकाणाहून उचलून नुसत्या अक्षरांच्या रूपानें दुसरीकडे चिकटविला कीं वरचा अंक खालीं येतो. इंग्रजी प्रश्नपत्रिकेंतहि येतो. यांत मराठीचा अपराध कोणता?

मराठीची खरी अडचण निराळी आहे, आणि ती सांगण्यास आम्हांस संकोच नाहीं. आपल्या ग्रंथाचीं असमाधानकारक मुद्रितें पाहून डोनाल्ड क्नुथ यांनीं १९७७ सालीं ‘टेक’ ही जुळणीची पद्धति रचावयास घेतली. तींत गणित लिहितांना प्रत्येक अक्षर सुटी राशि मानलें जातें. दोन अक्षरें लगत आलीं कीं त्यांचा गुणाकार समजावयाचा. रोमन लिपीला हें सोयीचें. आपला ‘क्ष’ मात्र युनिकोडांत क, हलन्तचिन्ह आणि ष या तीन संकेतांचा बनलेला. ते सुटे धरले कीं राशीचींच शकलें होतात. परंतु ‘एवढा भाग मजकूर म्हणून घे’ अशी आज्ञा देण्याची सोय त्याच पद्धतींत आहे, आणि ती शिकण्यास एक दुपार पुरते. तेवढेहि कष्ट न घेतां समीकरणाचें चित्र डकविणारे महाभाग आहेत! त्या चित्रापुढें अंध विद्यार्थ्याला वाचून दाखविणारें यंत्र मुकें होतें, याची त्यांना दाद ना फिर्याद.

भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत यावत्तावत्, कालक, नीलक यांचीं ‘या’, ‘का’, ‘नी’ हीं आद्याक्षरें राशींसाठीं घेतलीं; त्यांचें बीजगणित अडलें नाहीं. शेजारच्या देवगड तालुक्यांतील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर हे गणिताचे अध्यापक. त्यांनीं १८३२ सालीं ‘दर्पण’ काढलें, तेव्हां इंग्रजी व मराठी स्तंभ शेजारीं शेजारीं छापले; एकीला जागा देण्यासाठीं दुसरीला हाकललें नाहीं.

आम्हीं शाळेस पत्र धाडलें आहे. त्या मुलीचे दोन गुण अद्याप परत आलेले नाहींत.