स्वार्थ राहू द्या, पाळी ठरवा

विहिरींनी तळ गाठला की महाराष्ट्रात एक निदान हमखास ऐकू येतं: माणूसच स्वार्थी, त्याला कोण काय करणार! शेजाऱ्याने दोनशे फुटांवर बोअर मारली की हा तीनशेवर जातो, मग तो चारशेवर, आणि शेवटी दोघांच्याही पाइपातून नुसता फुफाटा निघतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर पाणी. त्या वेळी ऊसवाल्यांच्या नावाने बोटं मोडायला सगळे पुढे होते. उसाची साखर चहात ढवळणारेसुद्धा.

या निदानाला विद्वत्तेचा टेकू मिळाला तो 1968 साली. गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने ‘सायन्स’मध्ये एक निबंध लिहिला आणि त्यात गावाच्या सामायिक कुरणाचं उदाहरण घेतलं. जादा जनावर सोडलं तर फायदा एकट्याचा, चारा कमी होण्याचा तोटा मात्र सगळ्यांत वाटला जाणार. मग प्रत्येक जण जनावरं वाढवणार आणि कुरण उजाड होणार. यातून सुटका हवी तर खासगी मालकी आणा, नाहीतर सरकारी दंडुका.

गणित बिनचूक आहे, फक्त ते गाव कुठलं ते कळत नाही. हार्डिनच्या कुरणावर माणसं आहेत, पण ती एकमेकांशी बोलत नाहीत. तिथे चावडी नाही, पंच नाहीत, राखण्या नाही, दंड नाही. आपलं म्हणणं कसलीच व्यवस्था नसलेल्या कुरणापुरतं होतं, हे हार्डिननेच 1998 मध्ये मान्य केलं. त्याआधीच, 1990 साली, एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडची कुरणं, स्पेनचे कालवे, जपानची सामायिक रानं यांचा धांडोळा घेऊन लोक स्वतःच नियम करतात आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळतात, हे दाखवून दिलं होतं. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्यांच्या यादीत शोभावी अशी व्यवस्था धुळे-नाशिक भागात, पांझरा आणि मोसम नद्यांच्या काठी, काही शतकं चालत आली. तिचं नाव फड. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे फड. एका फडात एका हंगामात एकच पीक. पुढच्या वर्षी फेरपालट. पाणी सोडतो पाटकरी, त्याच्यावर हवालदार, पिकाची राखण जागल्याकडे. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री फावडं घेऊन दारं धरायला जावं लागत नाही. वाफा भरायचं काम पाटकऱ्याचं. पाटातला गाळ काढायचा तर ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा वाटा. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणत्या फडाला द्यायचं, कोणता कोरडा ठेवायचा, हे पंच ठरवतात.

इथे खरी खुबी आहे. बहुतेक शेतकऱ्यांचा तुकडा प्रत्येक फडात असतो. एक फड कोरडा राहिला तर सगळ्यांचंच थोडं थोडं बुडतं, आणि जो भिजतो त्यात सगळ्यांचंच थोडं थोडं पिकतं. शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी चोरून मिळवणार काय? पांझराकाठचा शेतकरी संत नव्हता. त्याचा स्वार्थ जमिनीच्या आखणीतच गावाच्या स्वार्थाला बांधून टाकला होता.

म्हणून दुसऱ्या बाजूच्या प्रवचनकारांनाही हटकलं पाहिजे. पाण्याच्या नियोजनासाठी गाजलेल्या हिवरे बाजार गावाचं नाव निघालं की यांना त्याग, एकजूट, गावाचा देवमाणूस एवढंच दिसतं. गावाचं नेतृत्व करणाऱ्या पोपटराव पवारांचं कर्तृत्व मोठं, यात वाद नाही. पण तिथे शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, आणि पाऊस किती पडला त्याचा ताळेबंद मांडून मगच कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं. हे नियम शेजाऱ्यालाही लागू आहेत, म्हणून पाळले जातात. एकट्याने ऊस सोडायचा आणि बांधापलीकडे उसाला पाट वाहताना बघायचा, हे कोणालाच जमणार नाही. तशी अपेक्षा करणंही अन्यायाचं आहे.

आणि उरलेल्या महाराष्ट्रात नियम कोणता? 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची त्याचं तिच्याखालचं पाणी, ही समजूत घट्ट बसलेली. उसाला दराची हमी, डाळीला बाजाराची मर्जी. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत. शेततळ्याला अनुदान मिळालं, तर अनेक ठिकाणी त्यात प्लास्टिक अंथरून बोअरचंच पाणी साठवलं गेलं. जमिनीतलं पाणी उपसून उन्हात वाळत घालायला सरकारचे पैसे! एवढं सगळं मांडून ठेवायचं आणि मग शेतकऱ्याच्या हावरेपणावर अग्रलेख लिहायचे, याला निदान म्हणत नाहीत.

सहकार चिवट असतो, पण अमर नसतो. वरच्या अंगाला धरणं झाली, पाण्याची सूत्रं पंचांच्या हातून गेली, तसे अनेक ठिकाणी फड विस्कटले. शिवाय फडाचा न्याय जमीनवाल्यांपुरताच होता. भूमिहीनाला तिथे मजुरी मिळे, हक्क नव्हे.

ही खोट विलासराव साळुंखे यांनी हेरली. 1972 च्या दुष्काळात हे पुण्याचे उद्योजक पुरंदर तालुक्यात फिरले आणि नायगावला देवस्थानाची माळरान जमीन खंडाने घेऊन त्यांनी काम सुरू केलं. त्यांच्या पाणी पंचायतीत पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हतं, घरातल्या माणसांवर होतं: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला कमाल अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा, ऊस बंद, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. खर्चातला पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी स्वतः उचलायचा. काही योजना पुढे बंद पडल्या, हे विरोधक आवर्जून सांगतात. मात्र चौफेर उसाला मोकळीक असताना नियम पाळणाऱ्या मूठभर गावांनी किती काळ तग धरावा, हे ते सांगत नाहीत.

सरकारी कालव्याचं पाणी आजही प्रामुख्याने हेक्टरांवरच मोजलं जातं. उसाच्या खुरपणीला जाणाऱ्या भूमिहीन बाईचा त्यात हक्काचा एक लिटरही नसतो, आणि पाणी वापर संस्थेच्या बैठकीत बसायचं तर आधी सातबारा लागतो.