एसीच्या आधी नळ

रेल्वेच्या 'अमृत भारत स्टेशन' योजनेची 2023 साली घोषणा झाली आणि पुणे-मिरज मार्गावरील लोणंद, सातारा, कराड, सांगली व मिरज ही स्टेशने तिच्या यादीत आली. पैकी लोणंदचे उद्घाटन 22 मे 2025 रोजी झाले. त्या दिवशी देशभरातील 103 स्टेशनांचा बार एकदमच उडवण्यात आला. योजनेच्या कागदात वेटिंग रूम, संडास, लिफ्ट, सरकते जिने, मोफत वायफाय अशी लांबलचक यादी आहे. 'एक्झिक्युटिव्ह लाउंज' आहे आणि व्यावसायिक बैठकांसाठी जागाही आहे. स्टेशन सुधारू नये असे कोणी म्हणणार नाही. पण भिंतीत आणि जमिनीखाली जे दडलेले असते, म्हणजे पाण्याचे पाईप, मैल्याची गटारे, हवा खेळती ठेवणारी यंत्रणा, त्याचा हिशेब कोणी विचारत नाही. तो आंबेडकरी चळवळीने विचारला पाहिजे, कारण स्टेशन आणि पाणी यांचा संबंध सातारा जिल्ह्याने बाबासाहेबांना ते नऊ-दहा वर्षांचे असतानाच शिकवला.

1901 सालची ती हकिकत आपल्या वाचकांना माहीत आहे. तरी मसूर स्टेशनचे नाव किती जणांच्या ध्यानात आहे? सुभेदार रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला छोटे भीमराव भाऊ व भाच्यांसह साताऱ्याहून रेल्वेने निघाले आणि मसूरला उतरले. न्यायला कोणीच आले नव्हते. चांगल्या कपड्यांतली ही मुले पाहून स्टेशनमास्तर आस्थेने चौकशी करू लागला. मुले महार आहेत हे कळताच तोच माणूस मागे सरला. दुप्पट भाडे कबूल करूनही गाडीवान गाडी हाकेना. मुलांनी हाकली, तो पायी चालला. टोलनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगूनही पाणी मिळाले नाही. जवळ अन्न भरपूर होते, पण पाण्यावाचून पोरे उपाशी निजली. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते 1990 साली छापले. त्याच लेखनात शाळेतल्या नळाचीही हकिकत आहे. नळ होता, नळाला पाणी होते, पण शिपायाने उघडल्याशिवाय या मुलाची तहान भागत नसे.

आज स्टेशनवर त्या अर्थाने कोणी नळ अडवत नाही. 'हिंदू पाणी, मुसलमान पाणी' असे पुकारण्याचे दिवसही गेले. आजची अडवणूक पैशाची आहे. फलाटावरचा नळ कोरडा असला की जनरल डब्यातल्या ऊसतोड मजुराने बाटली विकत घ्यायची आणि ज्याच्या खिशात पैसा आहे त्याने लाउंजमध्ये गार हवेत बसायचे. नळ बंद ठेवायला आता शिपाई लागत नाही.

आणि पाण्याहून मोठा प्रश्न मैल्याचा. (अग्रलेखात हा शब्द काही सुशिक्षित मित्रांना खटकतो. ज्यांना तो उपसावा लागतो त्यांच्या नाकाचा विचार त्यांनी करावा.) फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, हे आपण नेहमी उद्धृत करतो. त्याच भाषणातला दुसरा मुद्दा मात्र विसरतो: अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणूनच राहतो, त्याला पोर्टरसुद्धा होता येत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात. रेल्वेत कोणते काम कोणाच्या वाट्याला येते ते जात ठरवते, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले होते. आजही स्टेशनवरचा झाडू आणि गटार कोणाच्या हाती आहे, हे डोळे उघडे ठेवणाऱ्याला दिसते. फरक इतकाच की कायम पदांवर आरक्षण होते, नोकरीची शाश्वती होती. कंत्राटी सफाई कामगाराला दोन्ही नाही.

2013 च्या कायद्याने हाताने मैला साफ करायला लावण्यास बंदी केली. त्यात रेल्वे रुळांचा स्पष्ट उल्लेख आहे. पण सरकारने ठरवून दिलेली साधने व संरक्षक कपडे दिले की तो माणूस कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, अशी पळवाटही त्यातच ठेवली. पुढे डब्यांना जैव-शौचालये बसली, रुळांवर पडणारा मैला पुष्कळ कमी झाला, ही चांगली गोष्ट. स्टेशनच्या सेप्टिक टाक्या व तुंबलेली गटारे मात्र जिथल्या तिथे आहेत. गटारात वा टाकीत मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली 10 लाख रुपये द्यायला सांगितले, 2023 साली ही रक्कम 30 लाख केली. भरपाई वाढते आहे, याचा अर्थ माणसे अजून आत उतरवली जात आहेत.

म्हणून नकाशा पास होण्यापूर्वीच बोलले पाहिजे. पाईपला पुरेसा उतार, वळणावळणावर चेंबर, सक्शन गाडी थेट टाकीपाशी पोचेल एवढा रस्ता: एवढे मूळ आराखड्यात असले तर कोणाला आत उतरायची गरज पडत नाही. संगमरवरी फरशी बसवल्यावर हे सुचून उपयोग नाही. सांगलीत तर याहून जास्त काळजी हवी. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत या शहराने पाणी गटारा-नाल्यांतून उलटे शिरताना पाहिले आहे. तिथे मलवाहिनीवर पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह नसेल, तर सुशोभित स्टेशनातही मैला फलाटाच्या संडासातून वर येईल आणि तो काढायला पुन्हा आमच्याच वस्तीतला माणूस बोलावला जाईल.

हवेचेही तसेच. परदेशी थंडीतल्या स्टेशनांसारखी ऊब देणारी यंत्रणा आपल्याला लागत नाही, लागतो तो वारा. उंच छत, गरम हवा वरून बाहेर टाकणारी झरोक्यांची सोय, संडासांत चालणारे एक्झॉस्ट पंखे यांना एसीच्या मानाने फारच कमी वीज लागते आणि त्यांचा लाभ तिकीट न पाहता सर्वांना मिळतो.

पैसा नाही, तंत्र नाही, असे रेल्वेने सांगू नये. एप्रिल 2016 मध्ये याच मिरज स्टेशनातून कृष्णेचे पाणी भरून तहानलेल्या लातूरला गाडी गेली. पहिल्याच खेपेत 10 टँकर-वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. ठरवले की रेल्वे दुसऱ्या जिल्ह्याची तहान भागवू शकते. मग स्वतःच्या फलाटावरचे नळ का वाहू नयेत?

सातारा-सांगलीतील कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात पुणे विभागाकडे अर्ज टाकावेत. सातारा व सांगली स्टेशनच्या मलवाहिनीचा नकाशा मागावा. वातानुकूलनावर किती आणि जनरल वेटिंग हॉल, नळ, संडास यांवर किती खर्च, हे विचारावे. सफाईच्या कंत्राटात यंत्र कोणते, किमान वेतन किती, आणि टाकीत माणूस उतरवल्यास ठेकेदारावर कारवाई काय, तेही लेखी घ्यावे. आणखी एक. 2023 च्या यादीत मसूरचे नाव नाही. तिथे लाउंज नको, सरकता जिना नको. फलाटावर बारमाही वाहणारा पिण्याच्या पाण्याचा एक नळ आणि शेजारी 1901 ची हकिकत सांगणारा एक फलक, एवढी मागणी येत्या 14 एप्रिलच्या आत विभागीय व्यवस्थापकांच्या टेबलावर पोचली पाहिजे.