प्लेटा बोगस नव्हत्या, पाणी बघा!

परवा संघाच्या वार्षिक सभेत चेअरमनसाहेब माइकवर म्हणाले, "कंपनीनं बोगस स्टील दिलं, म्हणून पाश्चरायझरच्या प्लेटांना भोकं पडली." टाळ्या पडल्या आणि नव्या संचाचा खर्च मंजूर झाला. पाच वर्षांत दुसऱ्यांदा. आधीचे दोन्ही संच वेगवेगळ्या कंपन्यांचे होते. दोघींनीही बोगसच माल दिला काय?

मंडळी, स्टेनलेस म्हणजे कधीच गंजत नाही, असं नसतं. त्यातल्या क्रोमियममुळं स्टीलवर एक अतिपातळ थर धरतो, तो आहे तोवर स्टील शाबूत. पाण्यातलं क्लोराईड, म्हणजे मिठातलंच म्हणा, हा थर एखाद्या जागी फोडतं. तिथं टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो. खड्ड्याच्या आतलं पाणी आम्लधर्मी होत जातं आणि तो आपला आपणच खोल जातो. वरून प्लेट चकाचक! तिची जाडीच जेमतेम अर्धा मिलिमीटर, आरपार जायला कितीसा वेळ? गॅसकेटच्या खाचेत आणि क्षाराच्या खपलीखाली हे आधी सुरू होतं. पाणी गरम असेल तर आणखी लवकर.

आता पाण्याचं. उन्हाळ्यात नदी आटली की संघ बोअरवर चालतो. बोअरच्या शेजारचं रान क्षारपड होऊन पडलंय, हे शेंबडं पोरगंही सांगेल. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पाणी पिण्यालायक आहे, रिपोर्ट आहे." असेल की! पिण्याच्या पाण्याचं आयएस १०५०० हे मानक लिटरला २५० मिलिग्रॅम क्लोराईड सांगतं, आणि दुसरी सोयच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतं. ३०४ ग्रेडच्या स्टीलला मात्र गार पाण्यातसुद्धा २०० च्या आसपास हद्द धरतात, गरम पाण्यात त्याहून कमी. माणसाला चालतं ते प्लेटेला चालत नाही. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते जास्त सोसतं, पण महाग पडतं. टेंडरात नुसतं 'एसएस प्लेट' लिहून सगळ्यात कमी दरवाल्याला काम दिलं, तर तो ३१६ कशाला देईल?

त्यात हायपोक्लोराईटचं पाणी रात्रभर लाइनीत तसंच भरून ठेवायची सवय. मी तिथं फिटर होतो, डोळ्यांनी बघितलंय. क्षार काढायला नायट्रिकऐवजी स्वस्तातलं हायड्रोक्लोरिक येतंय का, ते स्टोअरच्या पावत्या सांगतील.

बरं, प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. पाश्चरायझरच्या एका भागात प्लेटेच्या एका अंगानं कच्चं दूध वाहतं, दुसऱ्या अंगानं ७२ अंशावर १५ सेकंद तापवलेलं. मध्ये फक्त ती प्लेट. म्हणूनच तापवलेल्या दुधाच्या बाजूचा दाब कायम जास्त ठेवायचा असतो, गळती झालीच तर कच्चं दूध इकडं येऊ नये म्हणून. भोकं पडली त्या दिवसांत तो दाब किती होता? नोंदवही कुठाय? त्या पिशव्यांतलं दूध आपलीच पोरं प्यायलीत.

जुन्या प्लेटा अजून गोडाऊनमागं पडल्यात. भंगारवाला यायच्या आत त्यातली एक सभासदांसमोर सील करून लॅबला पाठवा. मे महिन्यातला बोअरचा रिपोर्ट बोर्डावर लावा. आणि नव्या संचाची ऑर्डर अजून गेली नसेल, तर हे दोन्ही होईपर्यंत थांबवा, साहेब.